रिओ नेग्रोचं पाणी काळं का?

ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ दोन मोठ्या नद्या एकत्र येतात. सोलिमोइस नदीचं पाणी मातकट, दुधाळ. रिओ नेग्रोचं काळंभोर. एकाच पात्रात शिरूनही ही दोन पाणी लगेच एकजीव होत नाहीत. मध्ये आखल्यासारखी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांनी दोन रंग सुमारे सहा किलोमीटर शेजारी-शेजारी वाहत राहतात. सोलिमोइसचा वेग जास्त, तिच्या पाण्यात गाळ भरपूर, त्यामुळे ते जड. रिओ नेग्रो संथ आणि जवळजवळ गाळविरहित. वेग, तापमान आणि वजन यांतल्या फरकामुळे मिसळायला वेळ लागतो.

या संगमाचं छायाचित्र पाहिलेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते काळं पाणी घाण आहे का?

घाण नाही. उलट त्यात विरघळलेले क्षार इतके कमी असतात की या बाबतीत ते ऊर्ध्वपातित पाण्याच्या, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्याच्या, जवळ जातं. मग हा रंग येतो कुठून? याचं उत्तर नदीत सापडत नाही. ते काठावरच्या पांढऱ्या वाळूत आहे. ती वाळू झाडांना काय देते आणि काय देत नाही, एवढं कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात : तिथे डास कमी का, मासे फळं का खातात, तिथल्या बायका विषारी कंद का लावतात, आणि आपल्या उपवासाच्या ताटाशी त्याचा काय संबंध.

१. आधी नदीची ओळख

रिओ नेग्रो कोलंबियात उगम पावते. तिथे तिला ग्वाइनिआ म्हणतात. काही अंतर ती कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांची सीमा होऊन वाहते, मग ब्राझीलमध्ये उतरते आणि सुमारे २,२५० किलोमीटरांचा प्रवास करून मनाउसपाशी सोलिमोइसला मिळते. ब्राझीलमध्ये या संगमापासून पुढच्या प्रवाहाला ॲमेझॉन म्हणतात.

काळ्या पाण्याच्या नद्या जगात इतरत्रही आहेत, पण एवढी मोठी दुसरी नाही. रिओ नेग्रो सरासरी दर सेकंदाला सुमारे २८ हजार घनमीटर पाणी वाहून नेते. हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून एक हिशेब करू. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास २९७ कोटी घनमीटर. त्याला २८ हजारांनी भागलं तर सुमारे १ लाख ६ हजार सेकंद येतात, म्हणजे साडेएकोणतीस तास. महाराष्ट्रात उभा पावसाळा ज्या धरणाच्या पातळीची बातमी रोज येते, ते तळापासून काठोकाठ भरायला या नदीला सव्वा दिवस पुरेल. आणि ही मुख्य नदी नव्हे, ॲमेझॉनची एक उपनदी आहे.

नकाशावर तिची आणखी एक नवलाई दिसते. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीतून कासिकिआरे नावाचा एक नैसर्गिक प्रवाह फुटतो आणि तीनशेहून जास्त किलोमीटर वाहत जाऊन रिओ नेग्रोला मिळतो. म्हणजे एका नदीचं पाणी वाटेत फुटून दुसऱ्याच खोऱ्यात जातं. युरोपातल्या भूगोलतज्ज्ञांना हे पटणं कठीण गेलं होतं. १८०० साली आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि एमे बॉनप्लां या जोडीने होडीतून हा सगळा मार्ग पार केला आणि त्याची मोजमापं घेतली, तेव्हा वादाला जागा उरली नाही.

हा प्रदेश दुर्गम आहे. किती दुर्गम? मनाउसला विमानतळ आहे आणि २०११ पासून रिओ नेग्रोवर साडेतीन किलोमीटर लांबीचा पूलही आहे. पूल ओलांडून नोव्हो आयराओ या गावापर्यंत डांबरी रस्त्याने जाता येतं. त्याच्यापुढे वर जायचं तर बोट किंवा लहान विमान. मनाउसपासून सुमारे साडेआठशे किलोमीटरांवरच्या साओ गाब्रिएल दा काशोएरा या शहरापर्यंत मनाउसहून रस्ता नाही. माणसं प्रवासी बोटींच्या डेकवर आपापले झूले बांधतात आणि कित्येक दिवस त्यातच झोपत, जेवत, गप्पा मारत वर जातात.

२. तीन रंगांच्या नद्या

१५४२ साली फ्रान्सिस्को दे ओरेयाना या स्पॅनिश सरदाराची तुकडी ॲमेझॉनमधून खाली येत असताना डाव्या हाताला हा काळा प्रवाह येऊन मिळताना दिसला. रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी, हे नाव तेव्हापासूनचं. तीन शतकांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस हा तरुण इंग्रज संग्राहक इथे आला. ॲमेझॉनच्या नद्यांचे पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या पाण्याच्या असे प्रकार पडतात, हे त्याने नोंदवून ठेवलं. या निरीक्षणाला शास्त्राची बैठक दिली हाराल्ड झिओली या जर्मन जलशास्त्रज्ञाने, विसाव्या शतकाच्या मध्याला. पांढरं, काळं आणि स्वच्छ पाणी असे त्याने केलेले तीन वर्ग आजही वापरात आहेत.

झिओलीचं म्हणणं सरळ होतं. नदीचं पाणी कसं असेल, हे ती कोणत्या जमिनीवरून येते त्यावर ठरतं.

अँडीज हा वयाने तरुण पर्वत आहे. त्याची झीज जोरात चालू असते. तिथून येणाऱ्या सोलिमोइससारख्या नद्या गाळ आणि खनिजं घेऊन येतात, म्हणून त्यांचं पाणी मातकट. यांना ‘पांढऱ्या’ नद्या म्हणतात. तापाझोस, शिंगू या नद्या ब्राझीलच्या जुन्या पठारावरून येतात. त्यांच्यात गाळही कमी आणि रंगही कमी, म्हणून त्या स्वच्छ.

रिओ नेग्रोच्या खोऱ्याचा मोठा भाग गयाना ढाल नावाच्या अतिप्राचीन खडकांवर आहे. या खडकांचं वय दीड अब्ज वर्षांहून जास्त. इतक्या काळात त्यांच्यातली विरघळण्याजोगी खनिजं पावसाने केव्हाच धुऊन नेली. वरच्या रिओ नेग्रोवर आजही वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाइतका. फक्त तिथे तो वर्षभर विभागून येतो. चुना, पोटॅश, फॉस्फरस, सगळं गेलं. अनेक ठिकाणी मागे राहिली फक्त गारगोटीची पांढरीशुभ्र वाळू. पाणी ओसरलं की काळ्या नदीच्या काठाला हीच वाळू पुळणीच्या रूपाने उघडी पडते.

अशा वाळूत पीक लावलं तर ते उभं राहणार नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण तिथे जंगल उभं आहे. ते कसं?

३. पान जपणारी झाडं

सुपीक जमिनीवरच्या झाडाचं पान किड्याने खाल्लं तर ते झाड नवं पान काढतं. जमिनीत माल आहे, भरपाई होते. वाळूवरच्या झाडाची गोष्ट वेगळी. पानातला प्रत्येक कण त्याने मोठ्या कष्टाने मिळवलेला असतो. पान गेलं तर त्याच्या बदल्यात दुसरं काढणं फार महागात पडतं. म्हणून अशी झाडं पानं जाड, चिवट आणि दीर्घायुषी बनवतात आणि ती कुणी खाऊ नये म्हणून त्यांत कडू, तुरट, क्वचित विषारी द्रव्यं भरून ठेवतात. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकी परिसरशास्त्रज्ञाने १९७४ साली एका निबंधात ही कल्पना मांडली : नापीक वाळू, बचाव करणारी पानं आणि काळ्या नद्या हे एकाच साखळीचे दुवे आहेत. एका कारणातून इतकं काही समजावून देणारी कल्पना क्वचितच हाती लागते, आणि म्हणूनच हे प्रकरण तिच्याभोवती रचलं आहे.

या बचावातलं प्रमुख द्रव्य म्हणजे टॅनिन. नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. हिरडा चावल्यावर जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो टॅनिनचा. कच्च्या केळ्यात ते असतं, काताच्या वडीत असतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात, त्याला कारखान्यांत मागणी असते ती औषधांसाठी आणि चामडं कमावण्यासाठी. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात तेही याच गुणामुळे : टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं. कातड्यातली प्रथिनं धरली की ते कुजत नाही. किड्याच्या पोटात तेच घडलं तर खाल्लेल्या पानातलं प्रथिन त्याला पचत नाही, आणि तो दुसरं झाड शोधतो.

आता पान गळून पडलं असं समजा. जिवंतपणी ज्याने किड्यांना हटवलं, ते मेल्यावर बुरशीला आणि जिवाणूंनाही लवकर दाद देत नाही. पाला सावकाश, अर्धवट कुजतो. त्यातून तपकिरी रंगाची द्रव्यं सुटतात. त्यांना ह्यूमिक आम्लं म्हणतात. चिकणमातीची जमीन असती तर मातीच्या बारीक कणांनी ही द्रव्यं धरून ठेवली असती. वाळूत धरायला काहीच नाही. पाऊस पाला भिजवतो, अर्क वाळूतून झिरपत ओढ्यात उतरतो, ओढा नदीला मिळतो. पेल्यात घेतलं तर रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस-सोनेरी दिसतं. पात्र खोल झालं की त्याच पाण्यात प्रकाश शोषला जातो आणि वरून पाहणाऱ्याला काळा रंग दिसतो.

हा प्रयोग घरी करता येतो. कोकणात आणि मुंबईत रस्त्याकडेला देशी बदामाची झाडं असतात. त्याची वाळून लाल-तपकिरी झालेली दोन-तीन पानं धुऊन पाण्याच्या बरणीत टाकावीत. काही दिवसांत पाणी पिवळसर, मग तपकिरी होतं. शोभेचे मासे पाळणारे हौशी लोक टाकीत ही पानं मुद्दाम सोडतात, कारण दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या नद्यांचे मासे अशा पाण्यात रमतात.

४. आम्ल पाणी आणि डास

पाण्याची आम्लता पीएच या मापाने मोजतात. ७ म्हणजे उदासीन. आकडा जितका खाली तितकी आम्लता जास्त. या मापाची एक खुबी लक्षात ठेवावी लागते : आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट होते. रिओ नेग्रोचा पीएच बहुतेक ठिकाणी ४ ते ५ च्या आसपास असतो, काही ओढ्यांत आणखी खाली. ७ वरून ४ वर आलं म्हणजे तीन पायऱ्या, म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा; हजारपट.

अशा पाण्यात डासांच्या अळ्यांना खायला फार काही मिळत नाही. पाण्यात पोषणच नाही, त्यामुळे शेवाळ कमी. शेवाळ कमी, म्हणून अळ्या कमी. हम्बोल्टने १८०० साली हे अंगावर अनुभवलं. काळ्या पाण्याच्या प्रवाहांवर त्याला रात्री निवांत मिळाल्या आणि मातकट पाण्याच्या कासिकिआरेत शिरताच डासांनी आणि चिलटांनी त्याला हैराण केलं. ओरिनोकोकाठच्या लोकांना हा फरक आधीपासून ठाऊक होता.

मात्र यावरून कुणी बेफिकीर राहू नये. कमी म्हणजे शून्य नव्हे. बार्सेलोस आणि साओ गाब्रिएल या भागांत हिवताप आजही आढळतो, आणि खळाळाच्या ठिकाणी चावऱ्या माश्या असतात. मनाउसच्या आसपास डास कमी दिसले म्हणून वरच्या भागात मच्छरदाणीशिवाय झोपणं धोक्याचं आहे.

मग मासे या पाण्यात जगतात तरी कसे? गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात मीठ असतं आणि बाहेरच्या पाण्यात जवळजवळ नसतं. त्यामुळे कल्ल्यांवाटे मीठ सतत बाहेर झिरपत असतं आणि माशाला ते पुन्हा खेचून घ्यावं लागतं. आम्ल पाण्यात ही गळती वाढते. साध्या नदीतला मासा ४ पीएचच्या पाण्यात सोडला तर याच गळतीने मरू शकतो. रिओ नेग्रोच्या माशांचे कल्ले गळती रोखण्यात पटाईत आहेत, आणि पाण्यात नावापुरतं असलेलं मीठही ते ओढून घेतात. शिवाय पाण्याला काळं करणारी ती पालापाचोळ्याची द्रव्यं कल्ल्यांचं रक्षण करतात, असं प्रयोगांत दिसून आलं आहे.

या नदीत आजवर माशांच्या अकराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या गरीब पाण्यात एवढे मासे खातात काय?

५. मासे जंगलात चरतात

उत्तर मिळतं पुराच्या दिवसांत. खालच्या रिओ नेग्रोची पातळी दर वर्षी सरासरी दहा मीटर चढते आणि उतरते. याचं कारण पुन्हा सोलिमोइस. अँडीजकडचं पाणी घेऊन ती फुगली की तिचा लोंढा संगमापाशी रिओ नेग्रोला अडवतो आणि काळं पाणी मागे तुंबत जातं. जमिनीचा उतार नगण्य, त्यामुळे तुंबारा दूरवर पोहोचतो. साधारण जून-जुलैत पाणी सर्वांत वर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत खाली.

चढलेलं पाणी काठावरच्या जंगलात शिरतं. काळ्या पाण्याने बुडणाऱ्या या जंगलाला तिथे इगापो म्हणतात. सखल भागातली झाडं वर्षातले सात-आठ महिने पाण्यात उभी असतात. रोपं तर शेंड्यापर्यंत बुडतात आणि तरीही जगतात. बुडालेल्या काळात वाढ थांबते, त्यामुळे खोडात वर्षाला एक वलय उमटतं आणि झाडाचं वय मोजता येतं. सदाहरित उष्ण जंगलात अशी सोय सहसा नसते. तिथली पुष्कळ झाडं फळं पिकवतात तीही नेमकी पुरात. फळ खाली पडतं ते पाण्यात, आणि खाली मासे वाट पाहत असतात.

मायकेल गोल्डिंग या अभ्यासकाने १९७० च्या दशकात ॲमेझॉन खोऱ्यात मासे पकडून त्यांची पोटं तपासली, तेव्हा फळं आणि बिया खाणाऱ्या माशांची संख्या पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले. तांबाकी हा एक मीटरपर्यंत वाढणारा मासा रबराच्या झाडाच्या कठीण बिया दाढांनी फोडतो. होय, दाढांनी, त्याचे दात माणसाच्या दाढांची आठवण करून देतात. हे दात पाहायला ॲमेझॉनला जायला नको. महाराष्ट्रातल्या मासळीबाजारात ‘रूपचंद’ नावाने मिळणारा, तळ्यात वाढवलेला मासा हा मूळचा ॲमेझॉन-ओरिनोको खोऱ्यांतला पाकू, तांबाकीचा जवळचा नातेवाईक. कोळिणीकडून त्याचं तोंड उघडून घेतलं तर सपाट, रुंद दात दिसतील. पुरात पडणारी फळं फोडण्यासाठी घडलेले आहेत ते.

अशा माशांच्या पोटातून काही बिया न फुटता बाहेर पडतात आणि दूर कुठेतरी रुजतात. म्हणजे वाळूवरच्या जंगलाची लागवड काही अंशी मासे करतात. नदीत अन्न नाही, जंगलात आहे. पूर आला की मासा जंगलात जातो आणि पूर ओसरला की नदीत परततो. व्होल्फगांग युंक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘पूर-स्पंदन’ ही संकल्पना मांडली, ती अशाच नद्यांवरून. त्यांच्या मते या प्रदेशात पूर ही आपत्ती मानणं चूक आहे. वर्षाचं सगळं उत्पादन त्याच्यावर चालतं.

माशांमागोमाग गुलाबी डॉल्फिनही झाडांमध्ये शिरतात. समुद्री डॉल्फिनांची मान सहसा ताठ असते. यांच्या मानेचे मणके सुटे असल्याने त्यांना डोकं वळवता येतं आणि बुडालेल्या फांद्यांमधून वाट काढता येते. गढूळ असो वा काळं, पाण्यात दिसतं फार थोडं. ते आवाज सोडतात आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात.

वॉलेसचा उल्लेख वर आला. १८५० ते १८५२ या काळात त्याने रिओ नेग्रो आणि तिची उपनदी वाउपेस यांवर प्रवास केला आणि माशांची काटेकोर पेन्सिल-चित्रं काढली. परतीच्या वाटेवर, ऑगस्ट १८५२ मध्ये, ‘हेलन’ या जहाजाला भर समुद्रात आग लागली. बरोबरचे नमुने, जिवंत पक्षी, वह्या बहुतेक सगळं गेलं. वॉलेस आणि खलाशी दहा दिवस उघड्या होड्यांत तरंगत राहिले. हाताला लागलेल्या एका पत्र्याच्या पेटीत ती चित्रं वाचली. ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली २००२ साली, दीडशे वर्षांनी. दोनशेहून अधिक मासे त्यांत आहेत. नमुने नसतानाही त्यांतल्या बहुतेकांची ओळख पटवता येते, इतकी ती नेमकी आहेत.

६. विषारी कंद आणि साबुदाणा

जुन्या काळी या नदीला भुकेची नदी म्हणत. मातकट नद्यांच्या काठी गाळ साचतो, तिथे शेती पिकते. इथे तसा गाळ नाही. तरीही या खोऱ्यात हजारो वर्षं माणसं राहत आली आहेत, आणि त्यांनी केलं ते थेट झाडांच्या पद्धतीशी जुळणारं आहे.

त्यांचं मुख्य अन्न कडू मॅनिऑक, म्हणजे कसावाचा कंद. कडू जातींत सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात. कच्चा कंद माणसाला मारू शकतो. पण याच कारणाने तो किडीपासून आणि जनावरांपासून सुरक्षित राहतो, आणि नापीक जमिनीतही येतो. ज्या जमिनीने झाडांना पानात विष भरायला लावलं, तिथल्या शेतकरी बायकांनी विषाचंच पीक निवडलं आणि ते उतरवण्याची रीत बसवली.

रीत अशी. कंद सोलून किसतात. ओला कीस तिपिती नावाच्या, वेताच्या विणीच्या लांब नळीत भरतात. नळी टांगून खालून ताणली की ती अरुंद होते आणि विषारी रस पिळून निघतो. उरलेला चोथा मोठ्या तव्यावर भाजून भाकऱ्या किंवा भरड करतात. उष्णतेने राहिलेलं विष उडून जातं. रसही वाया जात नाही. तो स्थिर ठेवला की तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व बसतं, आणि वरचा रस पुष्कळ वेळ उकळला की त्याची आमटी होते.

तळाशी बसणारं ते सत्त्व म्हणजे टॅपिओका. आपल्याकडचा साबुदाणा कसावाच्या याच सत्त्वापासून बनतो. तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने आहेत. एकादशीला आणि चतुर्थीला लाखो मराठी घरांत भिजणारा साबुदाणा हा ॲमेझॉन खोऱ्याच्या दक्षिण कडेला माणसाळवलेल्या कंदाचा आहे, आणि सत्त्व धुऊन वेगळं करण्यामागचं तत्त्व तेच आहे. या ज्ञानाचं श्रेय ज्यांना जातं त्या बायकांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत, याची खंत वाटते.

रिओ नेग्रोकाठच्या शेतांत मॅनिऑकच्या शंभराहून अधिक जाती लावल्या जातात. आई-आजीकडून, माहेर-सासरच्या देवाणघेवाणीतून त्या फिरतात. २०१० साली ब्राझीलने रिओ नेग्रोच्या या पारंपरिक शेतीपद्धतीला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. पिकांच्या जातींसारखीच इथे भाषांचीही विविधता आहे : २००२ मध्ये साओ गाब्रिएल नगरपालिकेने पोर्तुगीजबरोबर न्येंगातू, तुकानो आणि बानिवा या तीन आदिवासी भाषांना अधिकृत मान्यता दिली होती. वाउपेसच्या काठावर तर आपल्याच भाषेच्या गटात लग्न करायचं नाही असा रिवाज आहे. त्यामुळे घराघरांत आईची भाषा वेगळी, वडिलांची वेगळी, आणि मुलं दोन्ही शिकतात.

मध्य ॲमेझॉनमधल्या प्राचीन लोकांनी आणखी एक उपाय शोधला होता. मनाउसच्या परिसरात जागोजागी काळ्या, सुपीक मातीचे पट्टे आहेत. कोळसा, हाडं, माशांचे अवशेष, खापरं, स्वयंपाकघरातला कचरा वर्षानुवर्षं टाकून ती माती माणसांनी घडवली. दोन हजार वर्षांपूर्वीचे पट्टे आजही सुपीक आहेत.

७. जायचं तर कधी आणि कसं

पाहायचं काय आहे यावर महिना ठरवावा. बुडालेल्या जंगलातून होडीने, झाडांच्या शेंड्यांमधून फिरायचं तर मे ते जुलै. पांढऱ्या पुळणी पाहायच्या तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. नोव्हो आयराओसमोर आनाविल्यानास हे सुमारे चारशे बेटांचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची लांबट बेटं पुरात जवळपास नाहीशी होतात आणि उतरणीला पुन्हा वर येतात. ज्या नदीत गाळ नाही तिथे बेटं कशी, हा प्रश्न इथपर्यंत आलेल्या वाचकाला पडायलाच हवा. वरच्या अंगाला ब्रांको नावाची उपनदी मिळते, ती गाळ आणते.

आणखी वर बार्सेलोस. कार्डिनल टेट्रा हा निळ्या-लाल पट्ट्याचा इवलासा मासा इथल्या ओढ्यांतला. मुंबई-पुण्याच्या मत्स्यालय-दुकानांतही तो दिसतो, जरी आता त्यातला बराचसा कृत्रिम पैदाशीचा असतो. बार्सेलोसचे मच्छीमार तो हातजाळीने पकडतात. मासा ओढ्यात टिकतो तो काठचं जंगल टिकलं तर, म्हणून या धंद्याने जंगल राखायला हातभार लावला, असं तिथे काम करणारे अभ्यासक सांगतात. कृत्रिम पैदाशीमुळे या कुटुंबांचं उत्पन्न घटलं आहे, ही काळजीची गोष्ट आहे.

भारतातून जाणाऱ्याने पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि प्रमाणपत्र जपून ठेवावं. ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. वरच्या भागातला मोठा मुलूख आदिवासींच्या हक्काचा आहे. तिथे त्या समाजांच्या आणि सरकारच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

अलीकडच्या वर्षांत नदीचं वेळापत्रक बिघडत चाललं आहे. मनाउस बंदरात १९०२ पासून पातळीची नोंद ठेवली जाते. २०२१ च्या जूनमध्ये तिथे ३०.०२ मीटर हा उच्चांक नोंदला गेला. २०२३ च्या ऑक्टोबरात पातळी १२.७० मीटरपर्यंत उतरली, तोवरचा नीचांक. आणि २०२४ मध्ये तोही मोडला. बोटी रेतीत रुतल्या, वरच्या गावांना धान्य, इंधन आणि औषधं पोहोचेनात. मनाउसजवळ पाण्याखालचे खडक उघडे पडले आणि त्यांवर कोरलेले प्राचीन मानवी चेहरे दिसू लागले.

इगापोला दुष्काळाहून मोठा धोका दुष्काळातल्या आगीचा आहे, आणि त्याचंही मूळ त्या वाळूतच आहे. जमिनीत पोषण नसल्याने इथल्या झाडांची बारीक मुळं वर येऊन पाल्याच्या थरात पसरतात आणि थेट तिथूनच अन्न घेतात. न कुजलेला पाला आणि मुळं यांची ही जाड गादी एरवी ओली असते. अतिकोरड्या वर्षी ती वाळते. मग ठिणगी पुरते. गादी आतून धुमसत जाते, मुळं जळतात आणि बहुतेक झाडं मरतात. पुढच्या पुरात उरलीसुरली बारीक माती वाहून जाते आणि जमीन आणखी वाळूमय होते. बेर्नार्दो फ्लोरेस आणि मिलेना होल्मग्रेन यांनी बार्सेलोसच्या परिसरात चाळीस वर्षांतल्या आगींचा माग काढला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जळालेल्या जागी जुनं जंगल परतत नव्हतं. पांढऱ्या वाळूवरच्या माळरानाची झाडं तिथे पसरत होती.

या आगी बहुधा माणसांच्या मुक्कामांवरून सुटतात. कोरड्या महिन्यांत पुळणीवर राहणाऱ्याने शेकोटी पेटवलीच तर ती पाण्यालगतच्या ओल्या रेतीवर, झाडांपासून दूर पेटवावी आणि निघण्याआधी पाणी ओतून, निखारे हाताला गार लागेपर्यंत विझवावी. मुळांच्या गादीत शिरलेली आग वर ज्वाळा न दाखवता दिवसचे दिवस पुढे सरकत राहू शकते.